सायकलशर्यती, कुमारांच्या : धोकादायक चालन व शिक्षा

कुमार वयोगटाच्या सायकलशर्यतीत एखाद्या स्पर्धकाच्या चालविण्याच्या रीतीमुळे इतर स्पर्धकांस, पंचांस किंवा प्रेक्षकांस इजा होण्याचा टाळता येण्याजोगा धोका उत्पन्न झाल्यास त्या रीतीस धोकादायक चालन म्हणतात. सायकलशर्यत हा खेळच जोखमीचा असल्याने प्रत्येक पडण्यामागे कोणाचा तरी अपराध असतोच असे नाही. तसेच कोणीही न पडता धोकादायक चालन घडू शकते. शिक्षेच्या न्याय्यतेचा सर्व विचार या दोन गोष्टींच्या फरकावर उभा आहे. पंचाने मोजावयाचे असते ते चालन. परंतु त्याच्या डोळ्यांपुढे व प्रेक्षकांच्या मनात भरते ते मात्र पडणे.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या (स्थापना पॅरिस, १९००) वर्गीकरणानुसार १७ व १८ वर्षे वयाचे स्पर्धक कुमार गटात येतात. भारतात सायकल महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत कुमार गटाखाली उपकुमार गटही असतो, तर शालेय क्रीडास्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे विभाग केले जातात. यांपैकी बहुसंख्य स्पर्धक कायद्याने अज्ञान असतात. प्रौढ व्यावसायिकांसाठी रचलेले दंडविधान त्यांना जसेच्या तसे लावणे अनेक कारणांनी अवघड ठरते.

अपघाताची यंत्रणा : सामूहिक प्रारंभाच्या रस्ताशर्यतीत स्पर्धक घोळक्याने चालतात. पुढील सायकलस्वाराच्या पाठीमागे हवेचा रोध कमी होत असल्याने मागच्याचे सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश श्रम वाचतात. या लाभासाठी दोन चाकांमधील अंतर बहुधा एक मीटरहूनही कमी ठेवले जाते. ताशी ५० किमी. वेगाने सायकल दर सेकंदास सु. १४ मी. अंतर काटते, मनुष्यास प्रतिक्रियेसाठी लागणारा अर्धा सेकंद धरला, तरी ब्रेक दाबला जाण्यापूर्वीच ती ७ मी. पुढे गेलेली असते. म्हणजेच घोळक्यातील सुरक्षितता ब्रेकवर फारशी अवलंबून नसते; पुढचा सरळ रेषेत व एकसारख्या वेगाने जाईल, या विश्वासावर ती अवलंबून असते. अचानक ब्रेक दाबणे वा आडवे होणे हे अपराध का मानले जातात, याचे कारण हेच.

सायकलचा तोल पुढच्या चाकाच्या डाव्या-उजव्या सूक्ष्म हालचालींनी सांभाळला जातो. मागून येणाऱ्याचे पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी शिरलेले असताना दोन्ही चाके एकमेकांस घासली, तर मागच्याची ही हालचाल अडते आणि तो पडतो. पुढच्याचे सुकाणू मोकळे राहिल्यामुळे तो बहुधा सावरतो व पुष्कळदा काय झाले हे त्याला कळतही नाही. या साध्या यांत्रिक वस्तुस्थितीमुळे न्यायदानात मोठा घोटाळा होतो. जो पडला तो निरपराध आणि जो वाचला तो दोषी, असा प्रेक्षकांचा तात्काळ ग्रह होतो. वास्तविक आपले पुढचे चाक जपणे हे मागच्याचे कर्तव्य असल्याचे सायकलपटूंमध्ये परंपरेने मानले जाते. विनाकारण चाक घुसविणाऱ्याने जोखीम स्वतःहून पतकरलेली असते. याउलट पुढच्याने रेषा सोडून एकाएकी आडवे जाणे, हा त्या कर्तव्याला अपवाद होय. ‘पुढच्याने रेषा सोडली की मागच्याने चाक घुसविले?’ हाच बहुतेक तक्रारींतील खरा वादविषय असतो.

अपराधाचे प्रकार : सर्वांत अधिक तक्रारी शेवटच्या वेगवान धावेबाबत होतात. धाव सुरू करताना निवडलेली रेषा सोडून इतरांस धोका उत्पन्न करण्यास नियमांनी सक्त मनाई आहे. या नियमाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. केवळ बाजूस सरकणे हा अपराध नाही. त्यामुळे दुसऱ्याची वाट बंद झाली किंवा तो संकटात आला, तरच अपराध घडतो. रस्ताच वळत असल्यास वळणाबरोबर जाणाऱ्याने रेषा सोडली असे म्हणता येत नाही. कोपराने, खांद्याने वा डोक्याने ढकलणे, जर्सी ओढणे, हॅंडलवरील हात काढून प्रतिस्पर्ध्यास अडविणे, पदपथावरून घुसणे, पाण्याची बाटली घोळक्यात फेकणे हे इतर नेहमीचे प्रकार होत. उतारावर सायकलच्या आडव्या नळीवर बसून अंग चोरण्यास १ एप्रिल २०२१ पासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंदी आहे. दूरचित्रवाणीवर व्यावसायिकांची ही बैठक पाहून ती अनुसरणाऱ्या मुलांचा विचारही या बंदीमागे होता, असे मानण्यास जागा आहे. वाहनाला धरून चढ चढणे हा मुख्यतः लबाडीचा प्रकार असला, तरी घाटरस्त्यावर तो धोकादायकही ठरतो.

धावपट्टीवरील शर्यतीत ही मोजदाद पुष्कळ सोपी होते. वेलोड्रोमच्या कलत्या पृष्ठभागावर आतल्या कडेपासून २० सेंमी.वर काळी मापनरेषा व सु. ८५ सेंमी.वर तांबडी धावरेषा आखलेली असते. अखेरच्या २०० मीटरमध्ये पुढे असलेला स्पर्धक या तांबड्या रेषेच्या आत असेल, तर त्याने ती ओलांडून प्रतिस्पर्ध्यास अडवावयाचे नसते आणि मागच्यानेही आतल्या बाजूने घुसावयाचे नसते. रेषा डोळ्यांसमोर असल्याने वाद कमी होतात. शिवाय दोघांच्या वेगशर्यतीत दोषी ठरलेल्यास बाद करून अन्याय झालेल्यास विजयी घोषित करता येते. काही प्रसंगी शर्यत पुन्हाही घेता येते. रस्त्यावर झालेली हानी अशी भरून काढता येत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात वेलोड्रोम असल्यामुळे पुण्याच्या मुलांना दोन्ही प्रकारच्या शर्यतींची ओळख होऊ शकते. ज्याने रेषेत राहण्याची सवय धावपट्टीवर लावून घेतली, तो रस्त्यावरही सहसा रेषा सोडीत नाही.

पुण्यातील परिस्थिती : पुणे हे विसाव्या शतकाच्या मध्यास सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कामगार, कारकून, विद्यार्थी व प्राध्यापक या सर्वांचे ते नित्याचे वाहन होते आणि शर्यतींची हौस त्यातूनच वाढली. जुन्या महामार्गाने बोरघाट चढून येणारी मुंबई–पुणे शर्यत या हौसेचे सर्वांत प्रसिद्ध रूप होय. तीत घाट प्रथम सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुढे स्वयंचलित दुचाकींनी रस्ते व्यापले, सायकल मागे पडली, आणि शर्यती शहराच्या कडेला वा बाहेर सरकल्या. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दिनदर्शिकेतील २·२ वर्गाची टप्प्यांची शर्यत प्रौढ पुरुषांसाठी योजण्यात आली व तिच्या निमित्ताने जिल्ह्यातील रस्त्यांचे मोठ्या प्रमाणावर नूतनीकरण झाले. कुमारांच्या जिल्हा व शालेय शर्यतींच्या वाट्याला मात्र अशी सिद्धता येत नाही.

त्या शर्यती बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर, वाहतूक पूर्णपणे न थांबविता घेतल्या जातात. रस्त्याची एकच बाजू स्पर्धकांना मोकळी असते. अशा वेळी मधली रेषा ओलांडून पुढे मुसंडी मारणे हा सर्वांत गंभीर अपराध समजावा लागतो. कारण समोरून एस्टी किंवा मालमोटार येत असते. युरोपातील बंद रस्त्यावर याच कृतीने कदाचित काहीच बिघडले नसते. दुसरी अडचण रस्त्याच्या पृष्ठभागाची आहे. रंगपट्टे पुसलेले गतिरोधक, पावसाळ्यानंतर कडेस साचलेली वाळू व खडी, खड्डे, मध्येच आलेले कुत्रे यांमुळे स्पर्धकास एकाएकी बाजूस व्हावे लागते. हे आडवे जाणे आणि डावपेच म्हणून आडवे जाणे ही दुरून सारखीच दिसतात. म्हणून आदल्या दिवशी मार्ग प्रत्यक्ष पाहून गतिरोधक व खड्डे टिपून ठेवणारा पंच आणि थेट समाप्तिरेषेवर येऊन बसणारा पंच यांच्या निर्णयांत फार फरक पडतो. घोळक्यात पुढच्याने हात खाली दाखवून वा ‘खड्डा!’ असे ओरडून मागच्यास सावध करण्याची रीत आहे. ती न पाळणे हा अपराध नाही. परंतु कोणत्याही प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात शिकवावी अशी ती गोष्ट आहे.

तिसरी अडचण माणसांची. पालक व प्रशिक्षक दुचाकीवरून मुलांबरोबर जातात, पाणी देतात, ओरडून वेग वाढवायला सांगतात आणि क्वचित स्वतःच घोळक्यात शिरून अपघातास कारण होतात. बक्षीस घेताना मुलाचा वाटा व नियम मोडताना मुलाचा दोष, अशी विभागणी येथे न्याय्य ठरत नाही. अनधिकृत वाहन शर्यतीत आणणाऱ्या प्रौढास शर्यतीबाहेर काढणे हा पंचाचा पहिला अधिकार असला पाहिजे.

पुण्याच्या भूरचनेत एक सोय मात्र आहे. सिंहगड, कात्रज, दिवे घाट असे चढ शहराच्या चहूबाजूंस मुबलक असल्याने शर्यत चढावर संपविता येते. चढावर घोळका विरळ होतो, वेग उतरतो आणि अखेरच्या धावेतील धक्काबुक्की जवळजवळ नाहीशी होते. उतारावरील किंवा अरुंद चौकातील समाप्तिरेषा निवडून नंतर मुलांना दंड करीत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

शिक्षेचे स्वरूप : ताकीद, क्रम खाली नेणे, बाद करणे, द्रव्यदंड आणि निलंबन अशा चढत्या पायऱ्या सर्वत्र आढळतात. ज्येष्ठांच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय शर्यतींत १ जानेवारी २०२५ पासून पिवळ्या कार्डाची पद्धत सशिक्षा लागू झाली. एकाच स्पर्धेत दोन कार्डे मिळाल्यास स्पर्धक बाद होऊन ७ दिवस निलंबित होतो. ३० दिवसांत तीन कार्डे मिळाल्यास १४ दिवस, व वर्षभरात सहा मिळाल्यास ३० दिवस निलंबन भोगावे लागते. हीत एकेका कृत्याची शिक्षा सौम्य असून सवय जडलेल्यास मात्र ती कडक होत जाते, हा तिचा गुण. कुमारांसाठी हे तत्त्व उपयुक्त आहे. दिवसांचे आकडे मात्र तसेच्या तसे उचलता येत नाहीत.

द्रव्यदंड मुलांच्या बाबतीत निरर्थक होय. तो पालक भरतात. श्रीमंताच्या मुलास तो जाणवत नाही आणि गरिबाच्या मुलाची सायकलच सुटते. क्रम खाली नेणे, म्हणजे ज्या घोळक्याबरोबर स्पर्धक पोहोचला त्याच्या शेवटच्या क्रमांकावर त्यास बसविणे, ही शिक्षा सर्वांत समर्पक समजली जाते. गैरमार्गाने मिळविलेला लाभ ती त्याच दिवशी काढून घेते व त्याहून अधिक काही घेत नाही. जेथे हेतू दिसतो, उदा., हात टाकून ढकलले किंवा मागे वळून पाहून वाट बंद केली, तेथे बाद करणे योग्य ठरते.

निलंबनाचे वजन वयाप्रमाणे बदलते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. व्यावसायिकाच्या कारकीर्दीत एक महिना अल्प असतो. कुमार गटाचे आयुष्यच दोन हंगामांचे. त्यात जिल्हा निवड, राज्यस्पर्धा व राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदाच येतात. निवडीच्या आठवड्यात आलेले पंधरा दिवसांचे निलंबन संपूर्ण वर्ष घेऊन जाते. महाराष्ट्रात क्रीडानैपुण्याबद्दल दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. यामुळे राज्यस्पर्धेतील एका क्रमांकाचा संबंध पुढे मुलाच्या शिक्षणाशी व उपजीविकेशीही पोहोचतो. याच कारणास्तव शेवटच्या धावेत मुले जिवावर उदार होतात आणि याच कारणास्तव पंच शिक्षा देण्यास कचरतात. कचरणे हाही अन्यायच. कारण ज्याचे हाड मोडले त्याचेही तेच वर्ष गेलेले असते. निलंबन दिवसांत मोजण्याऐवजी शर्यतींत मोजणे, आणि प्रथम अपराधात घोळक्यात चालविण्याचे शिक्षण पुरे केल्यावर ते उठविणे, हा त्यावर सुचणारा मार्ग होय. अज्ञानामुळे व हेतुपुरस्सर घडलेल्या अपराधांत फरक करण्याचेही ते साधन आहे.

परिणाम व दोष : व्यावसायिक शर्यतींतील दोन प्रकरणे या संदर्भात वारंवार उल्लेखिली जातात. ४ जुलै २०१७ रोजी तूर द फ्रान्सच्या व्हितेल येथील टप्प्याच्या अखेरीस मार्क कॅव्हेंडिश कठड्यावर आदळून जखमी झाला आणि पीटर सागान यास त्याच दिवशी शर्यतीतून बाद करण्यात आले. सागानच्या बाजूने क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये वाद आपसात मिटला व तो प्रसंग हेतुपूर्वक नसलेला, शर्यतीतील दुर्दैवी अपघात असल्याचे मान्य करण्यात आले. परंतु शर्यत केव्हाच संपली होती. पुढील हंगामापासून प्रमुख शर्यतींत चित्रफीत पाहणारा स्वतंत्र पंच नेमला जाऊ लागला. दुसरे प्रकरण ५ ऑगस्ट २०२० चे, पोलंडमधील कातोवित्से येथील. डिलन ग्रूनेवेगेन याने रेषा सोडल्यामुळे फाबिओ याकोबसेन कठडे तोडून पडला व त्याचा जीव मोठ्या कष्टाने वाचला. ग्रूनेवेगेन यास नऊ महिन्यांचे निलंबन झाले. त्याचा दोष निर्विवाद होता. तथापि ती समाप्तिरेषा उतारावर असून तेथे वेग ताशी ८० किमी.च्या घरात जात असे आणि कठडे आघात सोसू शकले नाहीत, याबद्दल अनेक सायकलपटूंनी संयोजकांवरही टीका केली. तीच चूक सपाट व रुंद रस्त्यावर झाली असती, तर तिची शिक्षा बहुधा क्रम खाली नेण्यापुरती राहिली असती. दुखापतीची तीव्रता पुष्कळ अंशी रस्ता, कठडे व दैव ठरविते. तीवरून मुलाची शिक्षा ठरविल्यास संयोजकाच्या निष्काळजीपणाचे ओझेही त्याच्याच माथी येते.

चौकशी : क्रमांकाविषयी व मैदानावरील वस्तुस्थितीविषयी पंचांचा निर्णय सामान्यतः अंतिम असतो, निकाल वेळेत लागण्यासाठी ते आवश्यकही आहे. म्हणूनच निर्णयापूर्वी दोन्ही स्पर्धकांचे म्हणणे ऐकणे अधिक अगत्याचे ठरते. १९८९ च्या बालहक्क संहितेने (भारताची मान्यता १९९२) स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क बालकास दिला आहे. चौदा वर्षांचे मूल नुकतेच शर्यत संपवून धापा टाकीत असते, भेदरलेले असते आणि प्रशिक्षकासमोर खरे बोलण्यास बिचकते. त्यास पाणी देऊन, थोडा वेळ बसवून, पालकाच्या उपस्थितीत विचारावे. ज्या पंचाचा शिष्य किंवा नातलग शर्यतीत आहे, त्याने त्या निर्णयातून दूर राहावे. पुण्यासारख्या ठिकाणी प्रशिक्षक, संयोजक व पंच ही मंडळी एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असल्याने हे सांगणे अनाठायी नाही.

भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमुळे पुरावा वाढला आहे. मात्र तो जपून वापरावा लागतो. समाप्तिरेषेपलीकडून, समोरून व दुरून घेतलेल्या चित्रात रस्त्याची लांबी आखडलेली दिसते. त्यामुळे पन्नास मीटरमध्ये हळूहळू झालेले सरकणे एकदम आडवे घातल्यासारखे भासते आणि पुढेमागे असलेल्या दोन सायकली एकमेकींस चिकटलेल्या वाटतात. बाजूने किंवा उंचावरून घेतलेले दुसरे चित्र नसल्यास केवळ अशा चित्रफितीवर बाद करणे धोक्याचे असते.

कायद्याच्या दृष्टीनेही अज्ञान स्पर्धकाची स्थिती वेगळी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ नुसार, मृत्यू वा जबर दुखापत करण्याचा हेतू नसता, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमतीने पतकरलेल्या हानीबद्दल अपराध घडत नसे. करमणुकीसाठी एकमेकांशी पट्टा खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण त्या कलमातच दिलेले होते. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे. अठरा वर्षांखालील मुलाची संमती या तरतुदीत बसत नाही. त्यामुळे ‘शर्यतीत उतरला म्हणजे धोका त्याने मान्य केला’, हे संयोजकांकडून नेहमी ऐकू येणारे समर्थन कुमारांच्या शर्यतीत लंगडे पडते. पालकांची सही असलेला अर्ज मार्गाची पाहणी, रुग्णवाहिका व पुरेसे स्वयंसेवक यांची जागा घेऊ शकत नाही. कायद्याशी संघर्ष आलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बंदी केली आहे. ती बंदी क्रीडापंचांच्या कारवाईस लागू नसली, तरी शिक्षा झालेल्या मुलाचे नाव व चित्रफीत लोकांत फिरविण्याच्या वाढत्या प्रथेस तिच्यातील तत्त्वाने आवर घालता येईल. राष्ट्रीय पातळीवरील क्रीडाविवादांसाठी २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमात न्यायाधिकरणाची तरतूद आहे. जिल्हा शर्यतीतील क्रमांकाची तक्रार घेऊन तेथवर पोहोचण्याइतके बळ मात्र क्वचितच कोणा मुलाच्या पाठीशी असते.

प्रतिबंधक उपाय : पूर्वी रस्ताशर्यतीत कुमारांच्या गिअरवर मर्यादा असे. पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल ७·९३ मीटरहून अधिक पुढे जाऊ नये, असा हा नियम होता. वाढत्या वयातील गुडघ्यांवरील ताण कमी राखणे हा त्याचा हेतू; त्याबरोबरच उतारावरील व अखेरच्या धावेतील वेगासही त्यामुळे लगाम बसे. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने तो रद्द केला. टप्प्यांच्या शर्यतींत समाप्तीच्या काही किलोमीटर अलीकडे पडलेल्यास त्याच्या घोळक्याचीच वेळ दिली जाते. परिणामी वेळेसाठी झगडणारे स्पर्धक अखेरच्या धावेपासून दूर राहू शकतात. एकदिवसीय जिल्हा शर्यतीत असा नियम लावता येत नाही. तेथे घोळका लहान ठेवणे, वयोगट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने सोडणे आणि अखेरचे ३०० मी. सरळ, रुंद व मोकळे राखणे एवढेच हाती असते. प्रमुख शर्यतींत शिरस्त्राण २००३ पासून सक्तीचे झाले. त्या वर्षी पॅरिस–नीस शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव्ह याचा मृत्यू झाला होता. पुण्यातील शर्यतीत शिरस्त्राणाविना कोणासही प्रारंभरेषेवर उभे करीत नाहीत. सरावाच्या वेळी मात्र ते पुष्कळदा हॅंडललाच अडकविलेले दिसते.